व्यवहारातल्या नीतीवरचे जुने निबंध पुन्हा छापताना: निवडीपासून हिशोबाच्या पानापर्यंत

पैशाच्या व्यवहारात नीती कुठे सुटते, हे मराठवाड्यात कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पतसंस्था बुडाल्यावर ठेवीच्या पावत्या घेऊन बंद शटरसमोर उभे राहिलेले लोक आपण पाहिलेत. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेलेली कोयत्याची जोडी, म्हणजे नवरा-बायको, हंगाम संपवून गावी परतते, तेव्हाही अनेकदा देणं लागतच असते. सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या बिलातून, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात काय उरलं, ते शेतकरी आडतीच्या पायरीवरच मोजतो. एवढा अनुभव ज्या प्रदेशाच्या गाठीशी आहे, तिथल्या वाचनालयात या विषयाच्या कपाटात मात्र लवकर श्रीमंत होण्याची भाषांतरित पुस्तकं दिसतात.

मराठीत या प्रश्नावर पावणेदोनशे वर्षांपासून लिहिलं गेलंय. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात आली. विष्णुबुवा ब्रह्मचारींनी १८६७ साली 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' छापून जमीन आणि धान्य सगळ्यांच्या मालकीचं असावं, असं मांडलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७०च्या दशकात पुण्यात व्यापारावर व्याख्यानं दिली. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पूर्ण केला. आगरकरांचं 'सुधारक' १८८८ साली सुरू झालं. यातलं बरंच लेखन समग्र वाङ्मयाच्या जाड खंडांत बंद आहे, आणि ते खंड संदर्भ विभागात कुलपात आहेत.

या लेखनातून निवडक निबंधांचं पुस्तक काढणं एखाद्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला, महाविद्यालयाच्या मराठी किंवा अर्थशास्त्र विभागाला, शिक्षकांच्या गटाला जमण्यासारखं आहे. त्यासाठी मोठा प्रकाशक लागत नाही, चिकाटी लागते. दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच पक्क्या करा. जुन्या लेखकाचा शब्द बदलायचा नाही, आणि आजच्या वाचकाला त्या शब्दांपाशी एकटं सोडायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळण्यासाठी आहेत.

आधी प्रश्न ठरवा, मग निबंध शोधा

'अर्थनीतीवरचे निवडक निबंध' अशा नावाचं पुस्तक लोक भेट म्हणून घेतात आणि ठेवून देतात. 'कर्ज आणि व्याज', 'मजुरी', 'दान', 'दुसऱ्याचा पैसा सांभाळणं' असा एकच प्रश्न धरा. एका पुस्तकाला एक प्रश्न पुरतो. आठ-दहा निबंध, टिपा आणि प्रस्तावना धरून ९६ ते १२८ पानं होतील एवढाच आवाका ठेवा. पहिल्याच फटक्यात चारशे पानांचा ग्रंथ काढायला गेलेले गट टंकनातच थकतात.

निवड करताना लेखकाच्या मोठेपणाकडे कमी बघा आणि वादाकडे जास्त. दारिद्र्याबद्दल लिहिताना लोकहितवादी आपल्याच लोकांच्या आळसाला आणि अज्ञानाला दोष देतात. फुले तोच प्रश्न हातात घेतात आणि बोट सरकारी अंमलदारांकडे, भटशाहीकडे आणि सावकाराकडे वळवतात. हे दोघं शेजारी छापले की वाचकाला विचार करावाच लागतो. आपल्याला पटणारेच निबंध घेतले तर पुस्तक पत्रकासारखं होतं, आणि ते वाचकाच्या लगेच लक्षात येतं.

माझ्या मते निवडीची खरी परीक्षा टेबलावर होत नाही. निवडायच्या म्हणून ठरवलेल्या निबंधांतली तीन-चार पानं मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकायला आडतीवरचा मुनीम असावा, हमाल असावा, बचत गटाचं खातं सांभाळणारी बाई असावी, पतसंस्थेत ठेव अडकलेला निवृत्त मास्तर असावा, ऊसतोडीला जाऊन आलेला माणूस असावा. बाजार बंद असेल त्या दिवशी वाचनालयात बोलवा आणि चहा सांगा. ज्या निबंधावर ते आपसात बोलायला लागतात तो घ्या. ज्यावर सगळे नुसतीच मान डोलावतात तो कितीही गाजलेला असला तरी बाजूला ठेवा. या बैठकीत कुठला शब्द अडला, कुठे वाचणाऱ्याला थांबावं लागलं, ते एकानं लिहून घ्यावं. पुढे टिपा लिहिताना ही वही सगळ्यांत जास्त कामाला येते.

छापण्याचा हक्क आहे का, ते तपासा

इथे वेळ द्या. दुसऱ्याच्या मालकीचं न विचारता घेऊन व्यवहारातल्या नीतीवर पुस्तक काढता येणार नाही.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. १९९२ साली ती वाढवली. ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६५ साली किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०२६ पासून कुणालाही छापता येतं. महात्मा गांधी १९४८ साली गेले, त्यांचं लेखन २००९ पासून मोकळं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं २०११ पासून. आचार्य जावडेकर १९५५ साली गेले, त्यांचं २०१६ पासून. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, तेव्हा त्यांच्यासाठी २०२९ ची वाट बघावी लागेल. सहकाराचा विचार मांडणारे धनंजयराव गाडगीळ १९७१ साली गेले, त्यांचं लेखन २०३२ साली मोकळं होईल. स्वामी रामानंद तीर्थ १९७२ साली गेले, त्यांचं २०३३ साली. विनोबा आणि नरहर कुरुंदकर दोघंही १९८२ साली गेले. त्यांचं लेखन २०४३ पर्यंत परवानगीशिवाय घेता येत नाही.

नुसतं मृत्यूचं साल बघून भागत नाही. चार ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिली जागा मरणोत्तर प्रकाशित लेखनाची. लेखक गेल्यानंतर जे पहिल्यांदा छापलं गेलं, त्याची ६० वर्षं छापल्याच्या सालापासून मोजतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ साली गेले आणि त्यांनी हयातीत छापलेलं लेखन २०१७ पासून मोकळं आहे. पण बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करणारा त्यांचा इंग्रजी निबंध महाराष्ट्र शासनानं १९८७ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात छापला. आपल्या विषयाला तो अगदी लागून आहे, म्हणून तो घ्यायचा मोह होणारच. त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. शासनाची लेखी परवानगी मागा.

दुसरी जागा भाषांतराची. मूळ लेखन मोकळं असलं तरी भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो. जॉन रस्किनचे अर्थशास्त्रावरचे चार निबंध १८६० साली एका लंडनच्या मासिकात आले आणि १८६२ साली 'अन्टू धिस लास्ट' या नावानं पुस्तकरूपात निघाले. गांधीजींनी ते १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना रेल्वेत वाचलं आणि १९०८ साली 'सर्वोदय' या नावानं त्याचा सारांश गुजरातीत दिला. रस्किनचं इंग्रजी आणि गांधीजींचं गुजराती, दोन्ही मोकळं आहे. पण त्याचं कुणी तीस वर्षांपूर्वी केलेलं मराठी भाषांतर मोकळं नाही. गटात गुजराती किंवा इंग्रजी नीट येणारं कुणी असेल तर नवं भाषांतर करा. कष्ट आहेत, पण पुस्तकातला तो भाग पूर्णपणे तुमचा होतो.

तिसरी जागा निनावी अग्रलेखांची. मराठवाड्याचा बराचसा आर्थिक विचार नियतकालिकांत विखुरला आहे. त्यासाठी हैदराबादहून निघणारं 'निजाम विजय' किंवा आ. कृ. वाघमाऱ्यांचं 'मराठवाडा' चाळावं लागेल. सही नसलेल्या लेखाला छापल्यापासून ६० वर्षं मुदत असते. पण त्या मुदतीत लेखक कोण हे जाहीर झालं असेल, तर मोजणी त्याच्या मृत्यूपासून होते. म्हणून लेखकाचं नाव नंतर कुठल्या निवडक लेखसंग्रहात उघड झालंय का, ते बघा.

चौथी जागा आधुनिक संपादकाची. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलं आणि राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९६९ साली काढलं. फुल्यांचे शब्द सगळ्यांचे आहेत, संपादकांची प्रस्तावना आणि टिपा नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली न्यायनिवाड्यांच्या संपादित आवृत्त्यांबद्दल असाच भेद केला: निवाड्याचा मजकूर सर्वांचा, पण संपादकानं स्वतःच्या बुद्धीनं घातलेल्या टिपा आणि केलेली परिच्छेदरचना त्याची.

परवानगी घ्यावी लागलीच तर ती लेखी घ्या, आणि सगळ्या वारसांची घ्या. कागदावर पुस्तकाचं नाव, निबंधांची नावं, प्रतींची संख्या, छापील की डिजिटल, मानधन आणि मुदत एवढं हवंच. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षं धरून चालतो. नातवानं फोनवर 'छापा हो, आनंदच आहे' म्हटलं, एवढ्यावर छापायला जाऊ नका. त्याच्या चुलत बहिणीचाही हक्क असू शकतो, आणि तिलाही विचारलं गेलं पाहिजे.

मोकळ्या लेखनाबद्दलही एक भान ठेवा. लेखकाचं नाव काढून टाकणं किंवा त्याचा सन्मान जाईल अशी मोडतोड करणं, याविरुद्ध कायद्यात वेगळं कलम आहे. हक्काची मुदत संपली म्हणजे मजकुराची हवी तशी कापाकापी करायला मुभा मिळाली, असं समजू नये.

मूळ प्रत मिळवा, शक्य तर दोन

साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर अनेक खंड विनामूल्य उतरवून घेता येतात. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मीळ पुस्तकं आणि नियतकालिकं डिजिटल केली आहेत. इंटरनेट आर्काइव्ह आणि मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहांतही बरंच सापडतं. प्रत्यक्ष प्रतींसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि पुणे नगर वाचन मंदिर ही ठिकाणं आहेत. घराजवळ छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा साहित्य परिषद, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि मिलिंद महाविद्यालय आहे. जुन्या तालुका वाचनालयांची माळ्यावरची कपाटंही उघडून बघा. निजामकाळातली मराठी वाचनालयं त्या वेळी चळवळीची ठाणी होती, त्यामुळे तिथे अनपेक्षित गोष्टी मिळतात.

एकाच प्रतीवर विसंबू नका. पहिलं छापील रूप आणि नंतरच्या समग्र वाङ्मयातलं रूप समोरासमोर ठेवून वाचा. फरक दिसला तर पहिल्या रूपाकडे झुका आणि फरकाची टीप द्या.

जुनी प्रत स्कॅन करताना पुस्तक काचेवर दाबून उलटं घालू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यानं कागद पापडासारखा झालेला असतो आणि शिवण सुटते. वरून कॅमेरा लावून, दोन्ही पानं वेगवेगळी, निदान ३०० डीपीआयवर घ्या. बारीक टाइप असेल तर ४०० वर. ज्या वाचनालयाची प्रत आहे त्याला स्कॅनची एक प्रत द्या आणि पुस्तकात त्याचं नाव छापा.

टंकन आणि मुद्रितशोधन: पुस्तकाची लाज इथेच राखली जाते

मराठीचं ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं तंत्र, आता बरंच सुधारलंय. गूगल डॉक्समधून किंवा टेसरॅक्टमधून निघालेला मजकूर कामाला घेता येतो. पण जुन्या छपाईत ते ठरलेल्या जागी फसतं. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते. 'दुसऱ्या'तला ऱ्य बिघडतो. अनुस्वार गळतात.

आपल्या विषयात सगळ्यांत घातक चूक आकड्यांची. १ आणि ९ एकमेकांच्या जागी बसतात, आणि शेकडा १२ चं व्याज शेकडा ९२ होतं. जुनी रक्कम लिहिण्याची पद्धत यंत्राला कळतच नाही. 'रु. ५-८-३' म्हणजे पाच रुपये, आठ आणे, तीन पै. 'रु. ५॥' म्हणजे साडेपाच रुपये. त्या दोन उभ्या रेघा यंत्र वाक्याच्या शेवटच्या दंडासारख्या वाचतं आणि रकमेचा अर्धा रुपया गायब होतो. म्हणून सगळी मुद्रितं (प्रुफं) तपासून संपल्यावर नुसते आकडे तपासण्याची एक वेगळी फेरी करा. मजकूर वाचायचाच नाही, बोट फक्त आकड्यांवरून फिरवायचं.

मुख्य वाचन दोघांनी मिळून करावं. एकानं मूळ पान मोठ्यानं वाचावं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामही उच्चारावेत. दुसऱ्यानं नव्या मुद्रितावर पेन्सिल धरावी. तासाभरानं जागा बदला. डोळ्यांनी गप्प वाचणारा माणूस चूक आपोआप दुरुस्त करून वाचतो आणि ती तशीच राहून जाते. हे काम झाल्यावर मूळ कधीच न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाला वाचायला द्या. त्याला जिथे अर्थ लागत नाही, तिथे बहुधा एखादी ओळ सुटलेली असते.

शुद्धलेखनाचा प्रश्न हमखास भांडणाचा. आजचे नियम साहित्य महामंडळाचे, १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार. त्याआधीच्या लेखनात 'नाहीं', 'आम्हीं', 'करितों' असे उच्चारात नसलेले अनुस्वार असतात. मी स्वतः हे अनुस्वार काढण्याच्या बाजूचा आहे, कारण आज दहावी झालेल्या मुलाला ते पानापानावर अडवतात. पण तेवढंच करायचं. 'करितों'चं 'करितो' चालेल, 'करतो' चालणार नाही. लांब वाक्य तोडायचं नाही, जुना शब्द बदलायचा नाही, विरामचिन्हं नव्यानं पेरायची नाहीत. आणि अनुस्वार काढल्यानं अर्थ हलतोय का ते दर वेळी बघायचं: 'जें' एकवचनी नपुंसकलिंगी असतं आणि 'जे' पुल्लिंगी अनेकवचनी, तेव्हा वाक्य संदिग्ध होत असेल तर तिथला अनुस्वार ठेवा. जे धोरण ठरेल ते पुस्तकाच्या सुरुवातीला अर्ध्या पानात स्पष्ट लिहा.

टंकन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, करून घ्या आणि हे टंकन करणाऱ्याला आधीच लेखी सांगा. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर नंतर बदलताना जोडाक्षरं तुटतात आणि सगळं मुद्रितशोधन वाया जातं. आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे फाँट मोकळे आहेत आणि पुस्तकाला शोभतात.

टिपा: मराठवाड्याच्या वाचकाला सोबत

हे निबंध बहुतेक पुण्या-मुंबईत, इंग्रजी अमलाखाली लिहिले गेले. आपली आजी-आजोबांची पिढी निजामाच्या अमलात जगली. कायदा, सनावळी, अगदी रुपयाही वेगळा होता. ही फट टिपांनी भरायची आहे, आणि इथल्या आवृत्तीचं वेगळेपण त्यातच आहे.

निबंधात कर्जबाजारी शेतकरी आला की १८७५ च्या दंग्यांची टीप द्यावी लागते. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. हा कायदा निजामाच्या हद्दीत नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांतल्या कुळाला त्याचा आधार मिळाला नाही. एवढं वाक्य टिपेत आलं की अंबाजोगाईचा वाचक तोच निबंध वेगळ्या नजरेनं वाचतो.

रकमा येतील तिथे इंग्रजी कलदार रुपया आणि निजामाचा हाली रुपया यांतला फरक सांगा. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ भाव होता. सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला दशमान झाला. संस्थानातले अहवाल, पत्रकं वापरली तर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष, येईल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. शके असेल तर ७८ मिळवा. मण, पायली, खंडी ही मापं गावोगाव वेगळी होती, म्हणून किलोत नेमका आकडा देण्याच्या फंदात पडू नका. 'त्या भागातलं धान्याचं माप' एवढं पुरे.

आजच्या व्यवहाराशी जोडणाऱ्या टिपा मोजक्या ठेवा. सावकारीवरचा निबंध असेल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, हे सांगणं उपयोगाचं. पतसंस्थेचा विषय असेल तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाला वार्षिक सभेत हिशोब मागता येतो, हे सांगा. यापलीकडे लेखकाच्या तोंडी आजचं राजकारण घालू नका.

जुन्या निबंधांत जातींबद्दल, बायकांबद्दल, मजुरांबद्दल आज टोचणारे उल्लेख येतात. ते कापू नका आणि गाळलेल्या जागी तीन टिंबंही देऊ नका. निबंधाच्या आधी चार ओळींची टीप लिहा: हे कधी लिहिलं, कुणाला उद्देशून लिहिलं, त्याच काळात याविरुद्ध कुणी काय म्हटलं. ज्या समाजाबद्दल तो उल्लेख आहे, त्या समाजातल्या वाचकाला ही टीप छापण्याआधी दाखवा आणि त्याचं म्हणणं ऐका.

टीप पानाच्या तळाशी हवी. शेवटी एकत्र दिलेल्या टिपा कुणी उलटून बघत नाही.

प्रस्तावना चार-पाच पानांची पुरते. हे निबंध आत्ता का, यांचा आपसात वाद कशावर आहे, आणि वाचनाच्या बैठकीत लोकांनी कोणते प्रश्न काढले, एवढं त्यात यावं. पाहुण्यांचे शुभेच्छा संदेश घेऊ नका.

पैसा कुठून आणायचा आणि कसा दाखवायचा

व्यवहारातल्या नीतीवरचं पुस्तक ज्या पैशावर निघतं, तो पैसा स्वच्छ असलाच पाहिजे.

देणगीदार मिळतात. साखर कारखाना, पतसंस्था, आडत दुकान, शिक्षणसंस्था मदतीला तयार असतात. घ्यायला हरकत नाही, पण ज्या संस्थेत ठेवी अडकल्या आहेत, ऊसबिलं थकली आहेत किंवा मजुरी द्यायची राहिली आहे, तिथून घेऊ नका. बाकीच्यांना अट आधीच लेखी सांगा: मुखपृष्ठावर नाव नाही, अध्यक्षांचा फोटो नाही, निबंधांच्या निवडीत हात नाही. नाव आणि रक्कम शेवटच्या हिशोबाच्या पानावर येईल. ही अट ऐकून जो मागे फिरतो त्याला सन्मानानं जाऊ द्या.

आगाऊ नोंदणी हा मला सगळ्यांत चांगला मार्ग वाटतो. पण नोंदणीचे पैसे म्हणजे लोकांची ठेवच असते, हे विसरू नका. वेगळं बँक खातं उघडा, दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत, प्रत्येकाला पावती द्या आणि पावतीवर पुस्तक मिळण्याची तारीख लिहा. तारीख चुकणार असेल तर कळवा, आणि मागेल त्याला पैसे परत करा.

किंमत ठरवताना आकडे प्रामाणिकपणे मांडा. समजा ५०० प्रतींचा सगळा खर्च ४५,००० रुपये आला. भागाकार केला तर प्रत ९० रुपयांना पडली असं वाटतं. पण लेखकांचे वारस, ग्रंथालयं, परीक्षणासाठी म्हणून ४० प्रती द्याव्याच लागतात. विकायला ४६० उरल्या, तर प्रत सुमारे ९८ रुपयांना पडते. छापील किंमत १५० ठेवून वितरकाला ३५ टक्के सूट दिली, तर हाती साडेसत्त्याण्णव येतात. म्हणजे सगळ्या प्रती विकूनही जेमतेम बरोबरी. यातून दोनच वाटा निघतात: निदान निम्म्या प्रती वाचनालयातून आणि कार्यक्रमांतून थेट विका, किंवा खर्चाचा काही भाग देणगीतून काढून किंमत खाली आणा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागद आणि छपाईवर लागतो, तो खर्चात धरा.

खर्चात टंकन करणाऱ्याचं, मुद्रितशोधकाचं आणि टिपा लिहिणाऱ्याचं मानधन धराच. 'साहित्याची सेवा आहे' म्हणून फुकट काम करून घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे, आणि बहुतेक वेळा ते काम गरजू पदवीधर मुलीच्या किंवा निवृत्त शिक्षकाच्या वाट्याला येतं. दर आधी ठरवा, कागदावर लिहा, काम हाती येताच पैसे द्या.

शेवटचं पान हिशोबाचं ठेवा. जमा: नोंदणी, देणग्या नावानिशी. खर्च: टंकन, मुद्रितशोधन, टिपा, परवानगी मानधन, कागद, छपाई, बांधणी, पाठवणूक. छापायला जाताना काही आकडे अंदाजाचे असतील, तिथे तसं लिहा. वर्षअखेरीस पक्का हिशोब वाचनालयाच्या फलकावर लावा.

छपाई आणि नोंदणी

डेमी हा पुस्तकांचा नेहमीचा आकार, १६ पानांचा एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा), ७० जीएसएम जाडीचा किंचित पिवळसर कागद, १२ ते १३ पॉइंटचं अक्षर. वाचनालयात फिरणारं पुस्तक आहे, म्हणून नुसतं चिकटवू नका, शिलाई करून घ्या. ५०० च्या आत प्रती असतील तर डिजिटल आणि ऑफसेट दोन्हींचे दर मागा. शेवटचं मुद्रित छपाईयंत्रावर चढण्याआधी मुखपृष्ठावरची लेखकांची नावं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. अर्ज छपाईच्या बराच आधी करा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला एकेक प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. छोटे प्रकाशक हे टाळतात. टाळू नका, पन्नास वर्षांनी कुणी हे पुस्तक शोधेल तेव्हा ते तिथेच सापडणार आहे.

पुस्तक हाती आल्यावर

प्रकाशन सोहळ्यावर मोठा खर्च करू नका. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात गाळा घ्या, ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीसाठी वेळेत प्रती पाठवा, आणि ज्या लोकांनी सुरुवातीच्या बैठकीत निबंध ऐकले त्यांना पहिल्या प्रती हातात द्या. बाजार समितीच्या आवारात, बचत गटाच्या मासिक बैठकीत, महाविद्यालयाच्या वाणिज्य वर्गात एकेक निबंध वाचायला घ्या. वाचणारा एक आणि प्रश्न विचारणारे सगळे, असं ठेवा. तज्ज्ञाचं भाषण लावलं की ऐकणारे गप्प बसतात.

मोकळ्या लेखकांचा तपासलेला मजकूर मराठी विकिस्रोतावर चढवा. तिथे एकानं तपासलेलं पान पिवळं दिसतं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं होतं. तुमचं मुद्रितशोधन पक्कं असेल तर हे काम भराभर उरकतं, आणि परभणीच्या एखाद्या मुलाला पुढचं पुस्तक काढताना पुन्हा टंकन करावं लागत नाही. तुमच्या टिपांचं काय करायचं, ते टिपा लिहिणाऱ्यांना विचारून ठरवा.

वाचक चुका कळवतील. त्यांच्यासाठी पुस्तकात एक पत्ता आणि फोन क्रमांक द्या, तो वाचनालयाचा असावा, व्यक्तीचा नको. आलेली प्रत्येक चूक पान आणि ओळ लिहून एका फायलीत नोंदवा आणि कळवणाऱ्याला उत्तर द्या. अर्थ बदलणारी चूक निघाली, विशेषतः आकड्याची, तर शिल्लक प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवा आणि नोंदणी केलेल्या वाचकांनाही ती पाठवा. दुसरी आवृत्ती काढायची वेळ येईल तेव्हा कामाला सुरुवात त्या फायलीपासून करा.